बर्फाच्या वावरात सीतादही

आमच्या सासूबाईंनी नाव ठेवलं नाही असा पदार्थ मी अजून रांधलेला नाही. भाकरी केली तर काठ जाड, पोळी केली तर कागद, वरण पळतं, आणि पळत नसलं तर बसलेलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, ‘खामगाववाली’ म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी कालच एस.टी.तून उतरलेली आहे.

माझा आणि माझ्या नवऱ्याचा खामगावात फोटो स्टुडिओ आहे. तो शूटिंगला जातो, मी कॉम्प्युटरवर बसून लग्नांचे अल्बम आणि व्हिडिओ जुळवते. आत्याबाई माझ्या दिरासोबत गावी राहतात, पिंपळगाव राजाच्या बाजूला, तिथे आमचं शेत आहे. दिवसभर खुर्चीत बसून उंदीर हलवण्याला काम म्हणायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी माझ्यासमोर अनेकदा काढलेला आहे. मीही गप्प बसणारी नाही. आमचं दोघींचं असं आहे की दिवाळीला चार दिवस एकत्र राहिलो की पाचव्या दिवशी शेजारी विचारपूस करायला येतात.

गेल्या हंगामात दसऱ्याच्या थोडं आधी आत्याबाई चुलीवरचं अंघोळीचं पाणी उचलून न्हाणीकडे निघाल्या आणि घसरल्या. उकळतं पाणी उजव्या पायावर पडलं, पोटरीपासून बोटांपर्यंत. घरात कोणी नव्हतं. त्यांनी पायावर कसलासा पाला वाटून लावला आणि संध्याकाळी दीर आल्यावर ‘थोडं पोळलं’ म्हणाल्या. त्यांना साखर आहे. दोन दिवसांनी पाय टरारून सुजला, वास यायला लागला, तेव्हा दिराने त्यांना गाडीत घालून खामगावला आमच्याकडे आणलं आणि आम्ही एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं.

तिथल्या सर्जननी पाय बघितला आणि मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. जखम रोज मुळापासून साफ झाली, तर पाय राहील. एखाद दिवस अर्धवट राहिली आणि आत पू धरला, तर साखरेच्या माणसाचं काही सांगता येत नाही, गुडघ्याखालून काढावा लागेल.

रोजचं साफ करणं म्हणजे काय ते मी पहिल्या दिवशी पाहिलं आणि मला घेरी आली. जुनी पट्टी ओली करून सोडवायची, मेलेली कातडी चिमट्याने उचलून काढायची, धुवायचं, मलम, मग नवी पट्टी. आत्याबाई किंचाळल्या. विंचू चावला तरी ‘हूं’ म्हणणारी बाई ती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरच्या हाताला लाथ मारली. तिसऱ्या दिवशी पाय पोटाशी धरून बसल्या आणि कोणाला जवळच येऊ देईनात.

“कापून फेका पाय,” म्हणाल्या, “पन हात लावू नका.”

“आत्याबाई, वावरात कशा जाल मंग?”

“नाई जात.”

हे बोलताना त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. रोज सकाळी चहाच्याही आधी शेताच्या बांधावर, आमच्याकडच्या भाषेत वावराच्या धुऱ्यावर, चक्कर मारून येणारी बाई. मला त्यांचा फार राग येत होता आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी जीव तुटत होता. दोन्ही एकदम होतं, हे मला तेव्हाच कळलं.

तिथे भूल द्यायला एक तरुण डॉक्टरीणबाई यायच्या, पुण्याकडच्या. रोज रोज पूर्ण भूल देणं या वयात, या साखरेत बरं नाही, त्यांनी सांगितलं. दुखण्याचं औषध चालूच होतं, पण ते पुरत नव्हतं. चौथ्या दिवशी त्या एक खोकं घेऊन आल्या. त्यात डोळ्यांवर बांधायचा जाडजूड चष्मा होता, पाणबुड्याला शोभेल असा.

“हा व्हीआर हेडसेट. आजींना घालून बघायचा का?”

“आधी मला घाला,” मी म्हटलं.

मी कॅमेऱ्याच्या धंद्यातली बाई. ‘आभासी वास्तव’ असा भारदस्त शब्द कोणी तोंडावर फेकला की माझं समाधान होत नाही. आभास कोणत्या स्क्रूने बसवलाय ते मला बघायचं असतं. मी चष्मा उलटा करून आत पाहिलं. आत प्रत्येक डोळ्यासमोर एक भिंग होतं आणि भिंगामागे पडदा. इवलासा पडदा डोळ्याच्या इतका जवळ की नुसता पाहिला तर धुरकटच दिसेल. भिंगामुळे तो डोळ्याला चार-पाच हातांवर असल्यासारखा वाटतो. इथपर्यंत मला ओळखीचं होतं.

खरी गंमत पुढे. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र देत नाहीत, जरा जरा वेगळं देतात. तुम्ही बोट नाकासमोर धरा, एक डोळा झाका, मग दुसरा झाका. बोट जागचं हललं असं वाटतं. दोन डोळे दोन जागांवरून बघतात म्हणून. त्या फरकावरून मेंदू ठरवतो की बोट जवळ आहे आणि मागची भिंत लांब. चष्मा तोच फरक आधीच चित्रात घालून ठेवतो. म्हणून सपाट पडद्यावरचं झाड आपल्याला हात लांब करून धरता येईल असं दिसतं. प्रत्येकाच्या डोळ्यांमधलं अंतर वेगळं, त्यासाठी भिंगं एकमेकांच्या जवळ-लांब सरकवायची सोय होती. ती नीट केली नाही तर डोकं दुखतं.

मग मी चष्मा घातला आणि मान फिरवली. मोबाइल आडवा केला की फोटो आडवा होतो, ते ज्यामुळे कळतं तसलेच सेन्सर यात असतात. मान डावीकडे गेली की ते लगेच कळवतात आणि चित्र तेवढंच उजवीकडे सरकतं. जग जागच्या जागी राहतं, तुम्ही त्यात फिरता. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. उशीर झाला तर तोल सांभाळणारे कान म्हणतात हललो, डोळे म्हणतात नाही हललो, आणि या भांडणात पोट ढवळून निघतं. मेहकरच्या गाडीत मागच्या सीटवर बसून मोबाइल बघणाऱ्यांना हे सांगायला नको.

चष्म्याला बाहेरूनही बारीक कॅमेरे होते. ते खोली बघत होते आणि माझे हातही. मी हात पुढे केला तर समोर एक निळसर हात पुढे आला. मी बोटं मिटली, त्याने मिटली. तो माझा नव्हता, मला माहीत होतं. पण थोड्याच वेळात तो मला माझाच वाटायला लागला आणि त्याला थंडी वाजत असेल की काय अशी काळजीही वाटली, कारण समोर सगळं बर्फ होतं.

“दुखतं पायात, पण ते कळतं मेंदूत,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “मेंदूला एका वेळी सगळीकडे लक्ष देता येत नाही. डोळे, कान, हात दुसरीकडे गुंतले, तर दुखण्याच्या वाट्याला कमी लक्ष येतं. जादू नाही ही. दुखणं जात नाही, कमी होतं.”

हे मला पटलं. आठवडी बाजारात भेंडीच्या भावावरून घासाघीस चालू असली की पायावर कोण पाय देऊन गेलं ते घरी आल्यावर कळतं.

आत्याबाईंना पाठीशी उशा देऊन बसवलं आणि चष्मा बांधला. त्यांना आत जे दिसत होतं ते डॉक्टरीणबाईंच्या मोबाइलवर आम्हालाही दिसत होतं. बर्फाचं खोरं, लांब डोंगर, आणि समोर कमरेएवढ्या झुडपांच्या ओळी. प्रत्येक फांदीवर बर्फाचे गोळे. ते हाताने उचलायचे आणि लांब फेकायचे, एवढाच खेळ.

आत्याबाई आत बघायला लागल्या. मान हळूहळू इकडून तिकडे फिरली.

“मायबाई,” त्या म्हणाल्या. “कोनाचं वावर व हे?”

“आजी, बर्फ आहे तो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बरफ त गोळेवाल्याच्या गाडीवर असते. मले नको शिकवू. एवढा कापूस फुटला आन वेचाले एकबी बाई नाई? कसे मानसं हायेत हे?”

मी ओठ चावून हसू दाबलं. पण हे चांगलं लक्षण होतं, त्या आत शिरल्या होत्या. सिस्टरने खूण केली आणि पट्टीवर पाणी सोडायला सुरुवात केली.

“आजी, हाताने घ्या आणि फेका बरं.”

“फेकू? कापूस फेकू? लक्षुमी हाय ते.”

“बरं, फेकू नका. नुसता घ्या.”

त्यांचे दोन्ही हात वर आले. मोबाइलवर दोन निळे हात झुडपाकडे निघाले आणि बोंडापाशी, म्हणजे बर्फापाशी, थांबले.

“या वावराची सीतादही झाली काय?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला.

आमच्याकडे कापूस फुटला म्हणून कोणी उठून वेचायला लागत नाही. आधी सीतादही करतात. शेतात पाच खडे मांडून त्यांना हळदीकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि तो दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायचा, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. दह्यासारखा पांढरा कापूस फुटू दे, वेचणारीच्या हाताला यश येऊ दे. मग घरातल्या मोठ्या बाईने पहिलं बोंड वेचायचं आणि त्यानंतर बाकीच्यांनी हात लावायचा. आमच्या घरात ते आत्याबाई करतात. त्या वर्षी ते राहिलं होतं, कारण त्या दवाखान्यात होत्या. गावी आमचाही कापूस फुटून उभा होता, आणि ‘मी आल्याबिगर वावरात हात घालू नका’ असा त्यांचा निरोप दिराला गेलेला होता.

“झाली असेल हो, आत्याबाई,” मी म्हटलं.

“कोनं केली? त घाईघाईत वेचाले लावून राह्यली मले. नाई बा. दुसऱ्याच्या वावराचं पाप नाई घेत मी.”

निळे हात खाली आले आणि मांडीवर घडी घालून बसले. रिकामे हात, आणि खाली चिमटा चालू झालेला. समोर नुसतं पांढरं बघत किती वेळ कळ काढणार? त्यांनी ओरडून चष्मा उपटला आणि पलंगावर टाकला. ड्रेसिंग अर्धवट राहिलं. ‘अशाने पाय जाईल,’ असं सिस्टर बोलली ते बरोबरच होतं, पण मला झोंबलं.

बाहेर बाकावर बसून मी नवऱ्याला फोन लावला. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पाय जायची वेळ आली आणि या बाईला बर्फाची सीतादही हवी!

“सांगून दे ना झाली म्हनून,” नवरा म्हणाला. “कोनं केली विचारलं त म्हन त्या गावच्या पाटलीनबाईनं.”

सोपं होतं. ते यंत्र दोन्ही डोळ्यांना इतकं सफाईने फसवत होतं, मला एका तोंडाने फसवायला काय हरकत होती? पण मी आत्याबाईंना ओळखते. पाटलीणबाई कोणत्या कुळाची, दही गाईचं की म्हशीचं, प्रसादाला कोण कोण होतं, असे प्रश्न आले असते आणि तिसऱ्या प्रश्नाला मी पकडली गेले असते. शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी खोटं बोलवेना. भांडावंसं वाटतं त्या माणसाशी खोटं बोलायला जमत नाही. घरी जाऊन मी भात शिजवला, दही कालवलं आणि सकाळी डबा घेऊन दवाखान्यात हजर झाले.

डबा उघडल्यावर सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली.

“ड्रेसिंगच्या खोलीत दहीभात?”

डॉक्टरीणबाईंनी मध्यस्थी केली. पट्टी सोडायच्या आधी काय ते उरकायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, नंतर हात साबणाने धुवायचे. आणि चष्म्याच्या भिंगाला दही लागता कामा नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पाच खडे मी दवाखान्याच्या दारातल्या कुंडीतून उचलून, धुऊन आणले.

आता अडचण अशी की चष्मा घातला की खडे दिसत नाहीत, आणि काढला की वावर दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्म्याला काहीतरी केलं. बाहेरचे कॅमेरे जे बघतात तेच आत दाखवायची सोय असते, म्हणाल्या. आत्याबाईंना मी ट्रेमध्ये मांडलेले खडे दिसले, जरा फिके, पण दिसले. त्यांनी चाचपत हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, तोंडातल्या तोंडात बोलल्या. मग डॉक्टरीणबाईंनी परत बर्फ आणला आणि मी त्यांच्या उजव्या मुठीत दहीभात दिला.

त्यांनी हात वर नेला आणि शिंपडला.

त्या यंत्राला सीतादही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला एवढंच शिकवलेलं होतं की मूठ वर गेली आणि झटक्याने उघडली, म्हणजे माणसाने बर्फ फेकला. कॅमेऱ्यांनी मूठ उघडताना पाहिली आणि मोबाइलवर आम्हाला दिसलं की निळ्या बोटांतून पांढरे कण उडाले आणि थेट पहिल्या झुडपावर जाऊन पडले. इकडे भाताची शितं प्लास्टिकवर पडली. एक सिस्टरच्या बुटावर पडलं.

“पडला झाडावर,” आत्याबाई म्हणाल्या. “आता हाव, वेचते.”

कोणी हसलं नाही.

त्यांचे हात धुतले आणि त्या वेचायला लागल्या. दोन्ही हातांनी, तीन-तीन बोटांनी बोंड धरून, एका हिसक्यात, मग हात कमरेशी. तिथे लुगड्याच्या ओटीत कापूस टाकायचा असतो. यंत्राला तो चिमटीतला बर्फ कळत होता आणि कमरेशी गेलेला हात कळत नव्हता, कारण तिथे कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती. मोबाइलवर हात एकदम नाहीसे व्हायचे. पण वेचणारी बाई ओटीकडे बघत नाही, तिची नजर पुढच्या बोंडावर असते. त्यामुळे आत्याबाईंना पत्ताच लागला नाही. खाली चिमटा चालला होता. त्या कण्हल्या, दोनदा मोठ्याने ‘आई व’ म्हणाल्या, डोळ्यांतून पाणी चष्म्याच्या कडेने गालावर आलं. पण हात थांबले नाहीत आणि पाय जागचा हलला नाही. पट्टी पूर्ण बांधून झाली. सिस्टरने सुस्कारा टाकला.

त्यानंतर रोज आत्याबाई त्या वावरात जायला लागल्या. आत गेल्यावर त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, कारण कापूस मुक्याने वेचत नाहीत. शेजारच्या ओळीत त्यांच्या मनानेच बायका होत्या, काही जिवंत, काही गेलेल्या. त्यांना त्या कोणाची सून कशी आहे ते सांगायच्या. मी पायाशी उभी राहून ऐकायचे.

एकच तक्रार होती.

“हे झाड सरतच नाई बा. वेचलं की पुन्हा फुटते. कोनतं बियानं हाय हे?”

डॉक्टरीणबाई गोंधळून म्हणाल्या, “आजी, ते कंपनीचं आहे.”

“कंपनीवाल्याचा भरोसा नाई,” आत्याबाई म्हणाल्या. “सरत नाई ते वावर कशाचं?”

एक दिवस पट्टी झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. घरचा कापूस खाली गळून राह्यला, म्हणाल्या, तू जा आणि सीतादही घालून ये. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. खडे कुठे मांडायचे, तोंड कोणीकडे करायचं, सगळं त्यांनी पलंगावरून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “दही आंबट नको नेऊ, तुह्यासारखं.” मी गेले. वावरात एकटीने शिंपडताना मला फार परकं वाटलं. दिराला आणि मजुरणींना वेचायला मोकळीक देऊन मी संध्याकाळी परत आले.

मग तो दिवस आला. सर्जनना जखम खोलवर साफ करायची होती, आणि साखर चढलेली असल्याने तीही भूल न देता; त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. आज नीट झालं तर पाय वाचला असं धरून चालू, म्हणाले होते. डॉक्टरीणबाईंनी चष्मा चालू केला आणि आत एक आडवी पट्टी उमटली. अपडेट. दवाखान्याच्या नेटवर ती पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. त्या हळहळल्या, बटणं दाबून पाहिली, मोबाइलचं नेट जोडून पाहिलं. सर्जनना पुढचं ऑपरेशन होतं, ते थांबू शकत नव्हते.

“राहू द्या ते,” आत्याबाई म्हणाल्या. “डोये मिटते मी.”

त्यांनी डोळे मिटले. हात वर केले, हवेत एक-दोन बोंडं वेचली. चिमटा खोल गेला आणि हात गळून पडले. पाय आखडायला लागला. सिस्टरने घोटा धरला. आत्याबाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

“एकटीनं नाई होत व,” म्हणाल्या. “तू धर ना माह्या बाजूची पात.”

पात म्हणजे वेचणारणीच्या वाट्याची ओळ. मी इकडेतिकडे पाहिलं. सर्जन, सिस्टर, डॉक्टरीणबाई, दारातून डोकावणारा पलीकडच्या पेशंटचा नातेवाईक. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला. मी पदर कमरेला खोचला, पलंगाशेजारी उभी राहिले आणि हवेत हात चालवायला लागले.

“अशी नाई,” आत्याबाई लगेच म्हणाल्या.

“मग कशी?”

“बोंडाच्या मुयापासून धर. वरवर ओरबाडून राह्यली. कवडी ठेवली मांगं.”

बोंडात अर्धवट चिकटून राहिलेल्या कापसाला कवडी म्हणतात. वेचणारीचा तो सगळ्यात मोठा गुन्हा. हवेत मी कवडी कशी ठेवली ते देव जाणे, पण त्यांना ती दिसली होती.

“कुठं ठेवली? बघा की, साफ काढलं!”

“हे काय, हे. आंधळी हाय काय? आन दुसरा हात कायले लोंबते? एका हातानं वेचते काय कोनी? तुह्या मायनं हेच शिकवलं?”

“माझ्या माहेरी कपाशी नव्हती, आत्याबाई!”

“ते दिसूनच राह्यलं.”

आम्ही हवेतल्या कापसावरून कडाकडा भांडत होतो. मी बोलत होते, हात चालवत होते, आणि तिरप्या नजरेने बघत होते की चिमटा किती आत गेलाय. आत्याबाईंचं पायाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी माझी बोटं धरली, त्यांची बोटं थंडगार आणि घामेजलेली होती, आणि माझी तीन बोटं त्यांनी हवेतल्या बोंडाभोवती बसवली. “अशी. आता वढ.” कळ आली की त्या माझी बोटं आवळायच्या, इतकी की हाडं वाजतील, आणि कळ ओसरली की परत दोष काढायच्या. मला नावं ठेवण्यात त्यांचं जेवढं लक्ष लागतं तेवढं कुठल्याच चष्म्यात लागलं नसतं. हे मला तिथेच, उभ्या उभ्या उमगलं आणि मी मुद्दाम चुका करायला लागले. एकदा तर बोंडासकट फांदी मोडल्याचं नाटक केलं. त्यांनी मला अशी शिवी दिली की सर्जननी मान वर करून पाहिलं.

“झालं, आजी,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “छान झालं.”

सिस्टर पट्टी गुंडाळत होती. आत्याबाईंनी माझी बोटं सोडली नव्हती. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मुद्दाम चुकत होती काय व?” त्या म्हणाल्या.

“थोडं थोडं,” मी म्हटलं. “बाकीचं खरंच येत नाही.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढे मांडीची कातडी काढून पायावर लावली, ती धरली. दोन बोटं थोडी वाकडी राहिली आहेत, पण पाय आहे. चष्मा डॉक्टरीणबाई आता दुसऱ्या पेशंटना लावतात. एकदा मला म्हणाल्या की तुमच्या सासूबाई घरी गेल्यापासून बर्फात कोणीच दहीभात घातला नाही.

शेवटच्या वेचणीला पौषात आम्ही गावी गेलो. आत्याबाई काठी घेऊन धुऱ्यापर्यंत आल्या. तिथे त्यांनी चपला काढल्या. तो गुलाबी, चकाकणाऱ्या कातडीचा पाय काळ्या मातीत ठेवला आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग हळूहळू पहिल्या पऱ्हाटीपाशी गेल्या. झाडावर मोजकीच बोंडं राहिली होती. त्यांनी एकेक वेचलं, ओटीत टाकलं, फांद्या वाकवून खालून-वरून पाहिल्या. झाड रिकामं झालं होतं.

“सरलं बा हे,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग त्यांनी मागे वळून पाहिलं. मी अजून धुऱ्यावरच उभी होते.

“काऊन उभी व, खामगाववाली? ये, माह्या बाजूची पात धर.”

मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत गेले.